लोकसहभाग : इयत्ता सातवी

महाराष्ट्राचा कारभार मंत्रालयातून चालतो, असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. हे पुस्तक ज्या वर्गात वाचलं जातं त्या सातवीच्या पोरांना मात्र खरी गोष्ट ठाऊक असते, कारण कारभाराचा बराचसा भार त्यांच्याच अंगावर असतो. डेंग्यू आला, फेरी सातवीची. निवडणूक आली, फेरी सातवीची. पाणी वाचवायचं, वीज वाचवायची, मुलगी वाचवायची, वाघ वाचवायचा. या राज्यात वाचवण्याजोगं जे काही शिल्लक आहे ते वाचवायला सकाळी सात वाजता शाळेच्या पटांगणात, फक्की मारलेल्या रेघेवर, उंचीप्रमाणे दोन रांगा उभ्या असतात. सरकारी भाषेत याला शाळा आणि समाज यांचा अनुबंध म्हणतात, थोडक्यात लोकसहभाग. या शब्दाबद्दल माझी तक्रार एकच आहे. त्यातले 'लोक' कोण आणि 'सहभाग' कोणाचा, हा हिशेब कोणीतरी उलटा मांडून ठेवला आहे, आणि तो इतकी वर्षं तसाच तपासणीत पास होत आला आहे.

आधी सातवीच का, हे पाहू. पहिली ते चौथीची मुलं फेरीला निरुपयोगी. ती रांग धरत नाहीत. घोषणा ऐन रंगात आलेली असताना आजीचं घर दिसलं की रांग सोडून पाणी प्यायला जातात आणि येताना मूठभर चिवडा घेऊन येतात. नववी-दहावीला हात लावायची सोय नाही. दहावीचं वर्ष घराघरात पहिलटकरणीसारखं जपलं जातं: जड उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही, आसपास कोणी मोठ्याने बोलायचं नाही. सहावी अजून बिचकलेली असते. त्यात जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा सातवीला संपतात, तेव्हा सातवी ही त्या घरातली कर्ती पिढी. पूर्वी तिला निदान शिष्यवृत्ती परीक्षेचं कवच होतं. २०१७ पासून ही परीक्षा चौथी-सातवीकडून पाचवी-आठवीकडे सरकली आणि सातवी उघडी पडली. आता ती परत चौथी-सातवीकडे न्यायचं ठरलं आहे. पण सातवी अभ्यासाला बसली तर राज्यातल्या प्रभातफेऱ्यांचं काय होणार, याचा विचार कोणत्या समितीने केलेला दिसत नाही. तशी या इयत्तेची परंपरा मोठी आहे. एके काळी मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, पास झालेला मुलगा थेट मास्तर नाही तर तलाठी व्हायचा. आजच्या सातवीतला मुलगा पास व्हायच्या आतच त्यातली निम्मी कामं उरकतो: गल्लीतली झाडं मोजतो, पिंपात डासांच्या अळ्या शोधतो, मतदानाच्या संकल्पपत्रावर आईबापांच्या सह्या आणतो. फरक एवढाच, की फायनलवाल्याला पगार होता.

शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवणं ठरवून दिलं आहे. दिवसाला साधारण साडेचार तास पडतात. आता या घरात पाहुणे किती, ते पाहा. २१ जूनला शाळा उघडते न उघडते तोच योग येतो. २ ऑक्टोबरला झाडू येतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि जागतिक हात धुवा दिन एकाच वेळी दारात उभे राहतात, त्यामुळे त्या दिवशी मुलांनी अक्षरशः हात धुऊन पुस्तकांच्या मागे लागायचं असतं. मग एकता, मग बाल, मग संविधान. ३ जानेवारीला सावित्रीबाई. एक धीट मुलगी नऊवारी नेसून पुढे चालते आणि शेण फेकणाऱ्या कर्मठांच्या भूमिकेसाठी वर्गातल्या सगळ्या मुलग्यांत अशी चढाओढ लागते की सावित्रीबाईंचं काम किती अवघड होतं हे प्रयोगाआधीच पटावं. २७ फेब्रुवारीला मराठीचा गौरव होतो आणि २८ला विज्ञानाचा. फळ्यावरचे कुसुमाग्रज संध्याकाळी पुसून तिथे सकाळपर्यंत रमण काढायचे असतात आणि चित्रकला बरी असलेल्या त्या एकाच मुलाच्या हातून दोघंही एकमेकांसारखेच दिसू लागतात. या सगळ्यांत मला सर्वांत आवडतो तो २५ जानेवारीचा राष्ट्रीय मतदार दिवस. ज्यांना मत द्यायला अजून पाच-सहा वर्षं आहेत ती मुलं, ज्यांना मत आहे पण ते द्यायला उठवत नाही अशा लोकांच्या दारावरून, 'चला मतदान करू या' म्हणत जातात. 'चला' या शब्दाचा इतका निःस्वार्थ उपयोग मराठीत दुसरीकडे झालेला नाही. शिक्षणहक्क कायद्याचंच कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं लावू नयेत. विद्यार्थ्यांसाठी असं एखादं कलम असावं हे कोणाला सुचलं नाही. त्या कायद्याच्या मसुद्याच्या आधीही कुठे तरी जनजागृतीची फेरी निघाली असणारच.

फेरी जवळून पाहण्यासारखी असते. पुढे दोन मुली फ्लेक्स धरतात. हा फ्लेक्स शाळेची स्थावर मालमत्ता आहे. त्यावर शाळेचं नाव, केंद्र, तालुका कायमचे छापलेले असतात आणि मधल्या जागेत उपक्रमाच्या नावाची कागदी पट्टी चिकटवतात. पट्टीवर पट्टी, तिच्यावर पट्टी. वारा सुटला आणि 'जल' उलटलं की खालून 'मतदार' डोकावतो. मागे पुठ्ठ्याचे फलक असतात, बिस्किटांच्या खोक्याचे, खराट्याच्या काडीला नव्हे तर चांगल्या वेळूच्या काठीला ठोकलेले, कारण काठी संध्याकाळी घरी परत द्यायची असते. घोषणा देणारा मुलगा घसा बसेपर्यंत ओरडतो, पण रांगेचं शेपूट तोवर मारुतीच्या देवळामागे असतं. तिथवर घोषणा पोचतच नाही. शेपटाला फक्त कोणाचा तरी विजय असो एवढं कळतं आणि ते भरवशाने तसं म्हणतं. आज काय वाचवायचं आहे हे पहिल्या वीस जणांनाच माहीत असतं. पारावर बसलेली मंडळी हे कौतुकाने पाहतात. 'ती बघा, दुसऱ्या रांगेतली, आमच्या दाजीची पोरगी.' फेरी प्लास्टिकबंदीची असली तरी चहाचा कप रिकामा झाला की तो पाराखाली टाकायचा रिवाज मोडत नाही. फेरी पुढे जाते, कप मागे राहतात, आणि शनिवारी स्वच्छता मोहिमेत तेच कप गोळा करायला तीच पोरं येतात. कामाचा असा अखंड पुरवठा रोजगार हमीलाही जमलेला नाही.

समाज शाळेला काहीच देत नाही, असं म्हटलं तर तो कृतघ्नपणा होईल. महाराष्ट्रातल्या किती तरी खोल्या, कुंपणं, पाण्याच्या टाक्या लोकवर्गणीतून उभ्या आहेत, आणि त्या देणाऱ्यांत स्वतः अंगठा उठवणारी माणसंही होती. पण देणगीची जात कशी बदलली ते वर्गात मान वर करून पाहिलं की दिसतं. वर पंखा असतो. पंख्याच्या एका पात्यावर 'कै.' आणि नाव, दुसऱ्यावर 'यांचे स्मरणार्थ', तिसऱ्यावर देणाऱ्या चिरंजीवांचं नाव, अशी रंगाने केलेली विभागणी असते. यातली गंमत पदार्थविज्ञानाची आहे. पंखा चालू असला की अक्षरं दिसत नाहीत; अक्षरं वाचता येत असतील तर पंखा बंद आहे. देणगी कामावर असते तेव्हा दाता दिसत नाही आणि दाता दिसतो तेव्हा पोरं घामाघूम असतात. प्रत्यक्षात दाते बहुतेक वेळ स्पष्ट वाचता येतात, कारण पंखा देणारे पुष्कळ, विजेचं बिल देणारा कोणी नाही. थकबाकीपोटी वीज तोडलेल्या जिल्हा परिषद शाळा ही आपल्याकडे बातमी राहिलेली नाही, तो ऋतू झाला आहे. बिलावर नाव रंगवता येत नाही, ही बिलाची मूळ उणीव आहे. 'कै. अण्णांच्या स्मरणार्थ जानेवारी ते मार्च, स्थिर आकारासह' असा फलक लावायची सोय झाली तर चित्र पालटेल असं वाटतं.

वस्तू देणं सोपं, वेळ देणं अवघड, हे कायदा करणाऱ्यांना कळलं असावं, म्हणून त्यांनी शाळा व्यवस्थापन समिती काढली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा. कल्पना उत्तम आहे. सभेच्या दिवशी मात्र कांद्याची लागण असते, नाही तर ऊसतोड, नाही तर कोणाचा तरी दशक्रिया विधी. गणपूर्ती तर व्हायला हवी. मग इतिवृत्ताची वही स्वतःच सभासदांकडे जाते. ती शेताच्या बांधावर जाते, दळणाच्या रांगेत जाते, आणि जिथे जाईल तिथे 'सर्वानुमते मंजूर' होऊन परत येते. ती वही घेऊन जातं कोण, हे सांगायला नको. समाजाचा सहभाग गोळा करायला सातवीतला मुलगा सायकलवर निघतो, तेव्हा तो तेवढ्यापुरता समितीपेक्षा मोठा असतो. सगळ्या सभासदांना भेटलेला तोच एकटा.

इथे एक जाणकार हरकत घेतील. ते म्हणतील, मुलांनी हातांनी काम करावं हे तर आपल्या थोरामोठ्यांनीच सांगितलं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं, कोठारी आयोगाने कार्यानुभव आणि समाजसेवा शाळेत आणली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ला काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि कष्ट करून शिकणारी पिढी उभी केली. मग आज चार पोरांनी रस्ता झाडला तर तुमचं काय बिघडलं? हरकत वजनदार आहे, म्हणून तिला नीट उत्तर दिलं पाहिजे. कर्मवीरांच्या वसतिगृहातला मुलगा खडी फोडायचा किंवा शेतात राबायचा तो स्वतःच्या भाकरीसाठी आणि पुस्तकासाठी; ते श्रम त्याच्याच पदरात पडायचे. वर्ध्याच्या कल्पनेत टकळीवरचं सूत मोजता येत होतं, त्यातून गणित निघत होतं. आमच्या जनजागृतीतून सूत निघत नाही, फोटो निघतो. तो अक्षांश-रेखांशासह काढायचा, गटावर टाकायचा, पोर्टलवर चढवायचा, आणि फोटोत पाहुणे मध्यभागी, झाडू हातात, असे सात जण एका कपट्याभोवती उभे असायचे. गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडायचे, पण खराटा त्यांच्या स्वतःच्या हातात असायचा, आणि तो पाहून मोठी माणसं लाजून खराटे घ्यायची. त्यांनी सातवीच्या वर्गाला पुढे घालून स्वतः पारावर बसून टाळ्या वाजवल्याचं ऐकिवात नाही.

दुसरी हरकत अशी, की मुलांना हे आवडतं. आवडतंच. तिसऱ्या तासाला अपूर्णांक असतील तर मुलांना प्रभातफेरीच काय, अंत्ययात्राही आवडेल. आवड हा पुरावा धरायचा तर मग सगळ्यांत प्रभावी शैक्षणिक उपक्रम म्हणून मुसळधार पावसाने मिळालेल्या सुटीची नोंद करावी लागेल.

तिसऱ्या हरकतीपुढे मात्र मी थोडा नरमतो. पोरांच्या तोंडून ऐकलं की मोठी माणसं सुधारतात, असं म्हणतात. आणि त्यात तथ्य आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं, त्यानंतरच्या हागणदारीमुक्तीच्या वर्षांत काही गावांत पहाटे मुलांच्या हाती शिट्ट्या दिल्या गेल्या. सरकारी पत्रकाने जे झालं नाही ते त्या शिट्टीने केलं. ग्रामसेवकाला उलट उत्तर देणारा गडी टमरेल हातात असताना आपल्याच पुतणीची शिट्टी ऐकून काय बोलणार? तंबाखूची पुडीही मुलगी टक लावून पाहत असली की बापाच्या खिशात परत जाते. हा इलाज लागू पडतो, नाकारण्यात अर्थ नाही. मला खुपतं ते एवढंच, की चाळिशीच्या माणसाला शरम वाटावी म्हणून बारा वर्षांच्या पोराला पहाटे साडेपाचला उठावं लागतं, आणि पुढे त्या माणसाच्या गावाला पुरस्कार मिळतो तेव्हा व्यासपीठावर तो माणूस असतो. पोरं खाली बसतात. त्याआधी पाहुणे येईपर्यंत दीड तास लेझीम घेऊन वेशीवर उभी असतात.

गंमत अशी, की त्याच शाळेत, फोटोसाठी नसलेल्या कोपऱ्यांत, सामाजिक जीवनाचं अस्सल शिक्षण बिनबोभाट चाललेलं असतं. शालेय मंत्रिमंडळ घ्या. मोबाईलवरच्या मतदान यंत्रावर बोट दाबून, बोटाला मार्करची शाई लावून निवडणूक होते. बावीस पटाच्या वर्गात चौदा मंत्री होतात, त्यामुळे विरोधी पक्ष उरत नाही, इथवर सगळं थोरांसारखंच आहे. पुढे फरक पडतो. इथे पाणीमंत्र्याला टाकी स्वतः भरावी लागते. टाकी रिकामी निघाली तर मधल्या सुटीत त्याला गाठून थेट कॉलर धरतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी वगैरे काही नाही. आरोग्यमंत्री सोमवारी नखं तपासते आणि तिची स्वतःची वाढलेली निघाली तर त्याच दिवशी खातं जातं. सहलमंत्र्याचं काम वर्षातून एक दिवस, पण त्या दिवशी बसमध्ये मोजणीला एक जण कमी भरला तर त्याचा जो चेहरा होतो तो जबाबदारी या विषयावरच्या कोणत्याही धड्यापेक्षा जास्त शिकवणारा असतो. किंवा शाळेतला आठवडे बाजार पाहा. मेथीच्या चार जुड्या, लिंबं, घरच्या कोंबडीची अंडी, आणि एक भेळेचा स्टॉल. भेळवाला सांगतो, 'तीनशे रुपये नफा झाला.' कुरमुरे, फरसाण, चिंच, कांदे आणि आईची पूर्ण सकाळ यांची किंमत त्याच्या वहीत शून्य असते. भांडवल दुसऱ्याचं आणि नफा आपला, हे सूत्र त्याला इतक्या लवकर सापडलेलं पाहून त्याचं सहकारात चांगलं होईल, याची खात्री वाटते. पण शेजारी मेथी विकणारी मुलगी असते. ओळखीचे काका पाच रुपयांना मागतात, ती दहाच्या खाली येत नाही. काका म्हणतात, 'अगं, मी तुझ्या बापाचा मित्र.' ती म्हणते, 'मग बारा द्या.' या बाजारात गाव खरोखर शाळेत येतं, कारण त्याला काही तरी विकत घ्यायचं असतं. उपदेश ऐकायचा किंवा करायचा नसतो.

म्हणून माझं म्हणणं उपक्रम बंद करा असं नाही, वाटणी बदला असं आहे. जनजागृती ज्यांची व्हायची आहे त्यांनीच फेरी काढावी. महिन्यातून एकदा सकाळी सातला सरपंच, ग्रामसेवक, सोसायटीचे चेअरमन, पतसंस्थेचे संचालक उंचीप्रमाणे दोन रांगांत उभे राहोत, एक हात अंतर घेवोत, आणि सातवीची मुलं पारावर बसून कौतुकाने पाहोत. घोषणा मागच्या रांगेला ऐकू गेली नाही तर मुलं शिट्टी वाजवतील. त्यांना सवय आहे. यात अव्यवहार्य काय आहे? 'मोठ्यांना कामं असतात' हे एक उत्तर येईल. मुलांनाही आहेत, कायद्याने हजार तास.

आणि गावाला खरोखरच शाळेत यायचं असेल तर त्यासाठी दारही करून ठेवलेलं आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याजवळ बसून शिकायचं. हे दहा दिवस मला त्या साऱ्या दिनविशेषांपेक्षा मोलाचे वाटतात, आणि म्हणूनच त्यांची काळजी वाटते. खात्याने सुतारमामांना 'साधनव्यक्ती' म्हटलं, त्यांच्याकडून तीन प्रतींत माहिती मागवली, पट्टी बदलून तोच फ्लेक्स त्यांच्या मागे टांगला, तर ते दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. तसं काही न करता नुसतं बोलावलं, तर ते येतील. येताना करवत, रंधा आणि पटाशी पोत्यात गुंडाळून आणतील, वर्गातला मोडका बाक उलटा करून बघतील आणि आधी तो करणाऱ्याला शिव्या घालतील, पोरांदेखत असल्याने अर्ध्याच. मग काटकोन म्हणजे काय ते गुण्या लावून दाखवतील, आणि गणिताच्या बाईंना न सुटलेलं कोडं दोन जणांना सुटेल. रंधा चालला की भुसा उडेल आणि साली निघतील, त्या कानात अडकवायला मुलींची झुंबड उडेल. स्वच्छतामंत्री खराटा घेऊन आधीच तयार असेल. मामा त्याच्या हातून खराटा काढून घेतील आणि म्हणतील, 'माझा पसारा मी काढतो, तू खिळे वेच.' केंद्राच्या गटावर त्या दिवशीचा फोटो जाणार नाही. मुख्याध्यापकांनी बाकाची एक बाजू धरलेली असेल, सरांनी दुसरी, आणि मोबाईल काढायला मोकळा हात कोणाचाच नसेल.